जादा वेळ दिला, लेखनिकही दिला, तरी विद्यार्थी मागे का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे यंदा दिव्यांग विद्यार्थी सहाय्य कक्षाची जबाबदारी आली आहे. प्रमाणपत्र तपासायचं, परीक्षा विभागाला पत्र द्यायचं, जादा वेळ आणि लेखनिक मंजूर करायचा, हे काम आधीपासून सुरळीत चालू आहे. तरीही यांतले बरेच विद्यार्थी पहिल्याच वर्षी मागे पडतात, काही जण शिक्षण सोडतात. शिवाय सहकारी विचारतात, हा बाकीच्यांवर अन्याय नाही का? सुरुवात कुठून करावी?

सर, तुमच्या कक्षात चाललंय ते चुकीचं नाही, अपुरं आहे. जादा वेळ आणि लेखनिक यांचा उपयोग सत्राच्या अगदी शेवटी होतो. विद्यार्थी मागे पडायला लागतो तो त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या तीन-चार आठवड्यांत, जेव्हा बाकीच्यांच्या हातात पुस्तक असतं आणि त्याच्या नसतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत आहे की कोणती सोय दिली याहून ती कधी हाती पडली याला जास्त महत्त्व आहे. सातव्या आठवड्यात मिळालेलं ब्रेल पुस्तक कक्षाच्या अहवालात मदत म्हणून नोंदलं जातं. विद्यार्थ्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नसतो, कारण तोवर वर्ग चार प्रकरणं पुढे गेलेला असतो.

म्हणून वाचन साहित्यापासून सुरुवात करा. आजच एक करून बघा. तुमच्या विभागात विद्यार्थ्यांना पाठवलेली कुठलीही पीडीएफ उघडा आणि माउसने त्यातली एक ओळ सिलेक्ट करून पाहा. ओळ सिलेक्ट होत नसेल, तर ती फाइल म्हणजे नुसता पानाचा फोटो आहे. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथे वाचण्यासारखं काहीच सापडत नाही. विद्यार्थी बाण दाबत पुढे जातो, पान एक, पान दोन, पान तीन एवढंच ऐकू येतं. ओळ सिलेक्ट झाली, तर ती कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. देवनागरी मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल, तर तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हं यांची निरर्थक रांग उमटेल. स्क्रीन रीडर विद्यार्थ्याला तेच ऐकवतो. डोळ्यांना पान सुबक दिसतं, त्यामुळे हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दोन कॉलममध्ये छापलेल्या लेखात आणखी एक घोळ होतो. वाचनाचा क्रम चुकला, तर डावीकडच्या अर्ध्या वाक्याला उजवीकडचं अर्धं वाक्य जोडून ऐकू येतं.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो. मायकल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये तो तयार करायला घेतला आणि आज जगभरातले विद्यार्थी तो वापरतात. कक्षातल्या एका संगणकावर तो घाला, मॉनिटर बंद करा आणि तुमच्याच विषयाचं एक प्रकरण ऐका. नकाशा, तक्ता किंवा समीकरण आलं की काय होतं ते कुठल्याही कार्यशाळेपेक्षा लवकर कळेल. तुमच्या कुलसचिवांनाही एकदा बसवा.

आता हे साहित्य तयार कसं होतं ते पाहू, कारण वेळेचं गणित इथेच बिघडतं. पान स्कॅन करून ओसीआर केलं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतली, की मजकूर मिळतो, पण त्यातल्या चुका माणसाने तपासाव्या लागतात, शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण करावी लागते, चित्रांचं वर्णन लिहावं लागतं. सरळ गद्याचं प्रकरण लवकर उरकतं. सांख्यिकीचं किंवा रसायनशास्त्राचं प्रकरण मात्र विषय येणाऱ्या माणसाशिवाय धड होत नाही. तेव्हा सत्र सुरू होण्याच्या निदान सहा आठवडे आधी प्रत्येक शिक्षकाकडून वाचनयादी घ्या, आणि पहिल्या महिन्यात त्यातलं नेमकं काय लागणार हेही विचारून ठेवा. सगळं एकदम होणार नाही, पण पहिल्या महिन्याचं व्हायलाच हवं. ग्रंथपाल कॉपीराइटची शंका काढतील. २०१३ मध्ये झालेला मराकेश करार नेमका यासाठीच आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी त्याची वाचता येईल अशी प्रत दर वेळी हक्कधारकाची परवानगी न घेता तयार करता यावी, अशी तरतूद सदस्य देशांनी आपल्या कायद्यात करायची आहे. हा करार सर्वांत आधी स्वीकारणारा देश भारत होता, २०१४ मध्ये. लाभ फक्त अंधांना आहे असंही नाही. डिस्लेक्सिया असलेले, हातात पुस्तक धरू न शकणारे, पान उलटू न शकणारे विद्यार्थीही त्यात येतात.

दुसरं काम विद्यार्थ्याशी नीट बोलण्याचं. बहुतेक कक्षांत प्रमाणपत्रावरचा प्रकार पाहून ठरलेल्या सवलतींवर टिकमार्क होते. अल्पदृष्टी म्हणजे मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, अध्ययन अक्षमता म्हणजे जादा वेळ. पण अल्पदृष्टी असलेल्या दोन विद्यार्थ्यांची गरज अगदी उलट असू शकते. एकाची दृष्टी मध्यभागी गेलेली असते, त्याला अक्षर मोठं केल्याने मदत होते. दुसऱ्याला नळीतून पाहिल्यासारखं फक्त मधलंच दिसतं. अक्षर मोठं केलं की त्याच्या नजरेत एका वेळी दोनच अक्षरं मावतात आणि वाचन आणखी मंदावतं. प्रमाणपत्रावरची टक्केवारी दोघांची सारखीही असेल.

मी वेळापत्रक समोर ठेवून आठवड्यातला एकेक तास विचारत जाते. सोमवारी पहिला तास कुठे? तिथे कसा पोचतोस? सर फळ्यावर लिहितात की स्लाइड दाखवतात? टिपणं कशी घेतोस? प्रयोगशाळेत उभं राहावं लागतं का, किती वेळ? दुपारी औषध असतं का, त्यानंतर झोप येते का? शाळेत कशाचा उपयोग झाला, आणि काय मिळूनही तू वापरलं नाहीस? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका. कागदावर मंजूर असलेली पण विद्यार्थ्याने कधीच न वापरलेली सवलत बहुतेक वेळा चारचौघांत अवघडल्यासारखं होतं म्हणून पडून असते. आईवडील सोबत आले तर त्यांचं जरूर ऐका, पण निर्णय विद्यार्थ्याशी बोलून घ्या. शाळेत त्याच्या वतीने ते बोलत होते, इथून पुढे त्याला स्वतः बोलायचं आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यांच्या वर्गातल्या अडचणी सगळ्यांत कमी लक्षात येतात. ‘तिला ओठ वाचता येतात’ असं म्हणून पुष्कळ शिक्षक निश्चिंत होतात. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता पाळ, बाळ, माळ म्हणून बघा. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. घशातून निघणारे क, ग तर ओठांवर दिसतच नाहीत. उरलेलं सगळं संदर्भावरून ताडावं लागतं, आणि नवीन विषयात संदर्भच माहीत नसतो. त्यात शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की होतं तेही जातं. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल, तर विद्यार्थिनीचे डोळे त्याच्या हातांवर खिळलेले असतात. त्याच वेळी तिने वहीत लिहावं आणि स्लाइडवरचा आलेखही पाहावा, हे शक्य नाही. म्हणून दुभाषी दिला तरी टिपणं दुसऱ्या कुणी घ्यावी लागतात, आणि आलेख दाखवल्यावर शिक्षकाने पाच-दहा सेकंद थांबून मगच बोलावं लागतं. हे थांबणं कुणाला शिकवावं लागेल असं वाटत नाही, पण लागतं.

दुभाष्यालाही तयारी लागते. विषयातल्या संज्ञा आणि स्लाइड त्याला आदल्या दिवशी मिळाल्या नाहीत, तर तो ऐन तासाला बोटांनी एकेक अक्षर जुळवत बसतो. मोठ्या तासाला दोन दुभाषी हवेत, कारण वीस ते तीस मिनिटांनंतर थकव्याने अर्थ निसटायला लागतो आणि तो निसटतोय हे खुद्द दुभाष्यालाही जाणवत नाही. व्हिडिओवरच्या आपोआप येणाऱ्या उपशीर्षकांवर विसंबू नका. साधं बोलणं ती बरं पकडतात, पण तांत्रिक संज्ञा आणि नावं, म्हणजे परीक्षेत नेमकं जे विचारलं जाणार ते, चुकवतात.

आता परीक्षा. जादा वेळेचं प्रमाण जागोजागी वेगळं आहे. भारतात केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं ठरवली होती, ब्रिटनमध्ये २५ टक्के सर्रास दिले जातात, अमेरिकेत दीडपट वेळ नेहमीचा. जादा वेळ द्यायला सर्वांत सोपा असल्यामुळे तो सगळ्यांनाच दिला जातो, आणि काहींचं त्याने नुकसान होतं. स्नायूंचा आजार किंवा सतत वेदना असलेल्या विद्यार्थ्यासाठी तीन तासांचा पेपर चार तासांचा केला, तर शेवटच्या तासात त्याच्यात त्राणच उरत नाही. त्याला मध्ये विश्रांती हवी, त्या वेळात घड्याळ थांबवायला हवं, आणि लागोपाठच्या दोन दिवशी पेपर येऊ नयेत हे पाहायला हवं. मधुमेह असलेल्याला साखर तपासायची आणि खायची मुभा हवी, तीही पर्यवेक्षकाला आधीच कळवून, नाहीतर खिशातून यंत्र काढताच कॉपीचा संशय येतो. लक्ष विचलित होणाऱ्या विद्यार्थ्याला कितीतरी वेळा जास्त मिनिटांपेक्षा शांत खोली उपयोगी पडते.

लेखनिकाबद्दल माझा एकच आग्रह आहे: पेपरच्या आधी सराव. गणिताच्या पेपरात विद्यार्थी सांगतो, ‘एक्स अधिक दोन भागिले तीन’. लेखनिकाने एक्स आणि दोनची बेरीज तीनने भागली, की फक्त दोनला भागलं? दोन्ही उत्तरं त्या वाक्यातून निघतात आणि विद्यार्थ्याला कागद दिसत नाही. म्हणून दोघांनी आधी बसून ठरवायचं: कंस सुरू, कंस पूर्ण, अंशात अमुक, छेदात तमुक, अपूर्णांक संपला. प्रत्येक ओळ लिहून झाली की लेखनिकाने ती वाचून दाखवायची. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, त्यामुळे समाकलनाचं चिन्ह त्याने कधी पाहिलेलंच नसतं. पेपरच्या सकाळी हजर केलेला अनोळखी लेखनिक ही सवलत नव्हे, त्या विद्यार्थ्यासाठी तो आणखी एक पेपर असतो. जो संगणकावर स्वतः टाइप करू शकतो त्याला तसंच करू द्या. स्वतःच्या हातांनी लिहिताना विचार जसा पुढे सरकतो, तसा तो सांगून लिहून घेताना क्वचितच सरकतो.

तुमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न प्रामाणिक असेल असं धरून उत्तर देते. परीक्षा नेमकं काय तपासते, हे शिक्षकाने आधी ठरवायचं. इतिहासाचा पेपर कारणमीमांसा तपासत असेल, तर अक्षर, वेग आणि शुद्धलेखन हे त्याचे विषयच नाहीत, आणि त्यांवरून गुण जाणार असतील तर मोजमापच चुकतंय. भाषेच्या पदवीत शुद्धलेखन हाच विषय असेल, तर तिथे ती सूट देता येणार नाही, आणि हेही विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगावं. रसायनशास्त्राच्या प्रयोगात, अनुमापनात (टायट्रेशनमध्ये), रंग बदलण्याचा क्षण पकडायचा आहे आणि विद्यार्थ्याला लाल-हिरवा फरक कळत नाही. तिथे आम्लता आकड्यात दाखवणारं पीएच मीटर द्या. अंतिम बिंदू ओळखणं आणि गणित करणं हे कौशल्य त्यातही तपासलं जातं. अंध विद्यार्थ्याच्या सूचनेनुसार सहायकाने उपकरण हाताळलं, तरी काय करायचं, कोणत्या क्रमाने आणि का, हे विद्यार्थीच सांगत असतो. यात प्रश्नपत्रिका सोपी झालेली नाही आणि उत्तीर्णतेची पातळीही खाली आलेली नाही.

कायदाही याच दिशेने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात कलम २४ खाली उच्च शिक्षणाचा वेगळा उल्लेख आहे, आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरला आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मान्य आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के अपंगत्व नाही म्हणून अर्ज परत करण्याची सवय मात्र अजून गेलेली नाही. २०२१ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, ४० टक्क्यांची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही असा निर्णय दिला. आरक्षणासाठी उंबरठा वेगळा आणि परीक्षेतल्या सोयीसाठी गरज वेगळी, हे परीक्षा विभागाला समजावून सांगावं लागेल. कदाचित पुन्हा पुन्हा.

मानसिक आजार आणि मधूनच उफाळणारे दीर्घ आजार यांसाठी सगळीकडे दिली जाते ती वाढीव मुदत. ती जपून वापरा. पाच विषयांतले पाच निबंध प्रत्येकी दोन आठवड्यांनी पुढे ढकलले की ते सगळे मिळून परीक्षेच्या तोंडावर येऊन पडतात, आणि जो विद्यार्थी एक निबंध झेपत नाही म्हणून आला होता त्याच्यापुढे पाच उभे राहतात. अशा विद्यार्थ्याशी महिन्याभरातच बोला: या सत्रात विषय कमी करता येतील का, काही श्रेयांक (क्रेडिट) पुढच्या सत्रात घेता येतील का, उपस्थितीची अट किती शिथिल होऊ शकते. मुदतवाढ द्यायचीच, तर किती दिवसांची, कुणाला आणि कसं कळवायचं, हे आजार उफाळण्याआधी लिहून ठेवा. अंथरुणातून उठवत नाही त्या दिवशी पाच प्राध्यापकांना पाच विनवणीची पत्रं लिहायची ताकद कुणात नसते.

शिक्षकांना जाणाऱ्या पत्रात आजाराचं नाव लिहू नका. ‘या विद्यार्थिनीला तासाचं ध्वनिमुद्रण करण्याची आणि मध्येच बाहेर जाण्याची परवानगी आहे’ एवढं पुरतं. आणि वर्गात ‘इथे दिव्यांग कोण आहे, हात वर करा’ असं कुणीही कधीही विचारता कामा नये. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने पहिल्या तासाला कक्षाचा पत्ता आणि स्वतःची भेटायची वेळ सांगावी, सगळ्या वर्गाला. ज्यांचं अपंगत्व दिसत नाही ते बहुधा पहिल्यांदा नापास झाल्यावरच कक्षात येतात, आणि ते आधी यावेत यासाठी एवढा साधा उल्लेखही खूप काम करतो.

इमारतींबद्दल थोडक्यात. रॅम्पचा उतार एकास बारा असा धरतात, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. याहून तीव्र रॅम्प फोटोपुरता. लिफ्ट मंजूर व्हायला वर्षं लागतात, तास तळमजल्यावर हलवायला एक फोन लागतो. आधी तो फोन करा. आग लागली तर लिफ्ट बंद असते, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला कोण, कसं खाली आणणार, हे नावानिशी ठरलेलं असू द्या आणि वर्षातून एकदा करून पाहा.

आणि हे सगळं एकट्याने ठरवू नका. १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या शाखेत दाखल झाला. पोलिओनंतर त्याला श्वासासाठी आयर्न लंग लागत असे. तेवढं अवजड यंत्र ठेवता येईल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून त्याच्या राहण्याची सोय विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात केली गेली. त्याच्यामागून आणखी विद्यार्थी तिथे आले, आणि त्यांच्या पुढाकारातून १९७० मध्ये तिथे दिव्यांग विद्यार्थ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्या कार्यक्रमातली कामं अगदी रोजच्या गरजेची होती: व्हीलचेअर दुरुस्त करून देणं, मदतनीस शोधून देणं, राहायला जागा मिळवून देणं. कार्यालयात बसून यादी करणाऱ्याला व्हीलचेअरचा पंक्चर टायर सहसा आठवत नाही.

तुमच्या कक्षाच्या समितीत वरच्या वर्गातले निदान दोन दिव्यांग विद्यार्थी घ्या, मताधिकारासह, आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या. बैठक त्यांना पोचता येईल अशा खोलीत ठेवा, कागदपत्रं दोन दिवस आधी वाचता येतील अशा फाइलमध्ये पाठवा, आणि सदस्य कर्णबधिर असेल तर तारीख ठरवतानाच दुभाषी ठरवून टाका.